साहेबांच्या सोफ्याला नाही कोण म्हणणार?

मार्च उजाडला की प्रत्येक छावणीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाजार भरतो. मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या, पोस्टिंगची ऑर्डर हातात आलेली, आणि दोन-तीन वर्षांत साठलेलं सगळं सामान ट्रकात मावणार नाही हे एव्हाना कळलेलं. मग फोटो पडू लागतात. कूलर, दोनच उन्हाळे वापरलेला. डायनिंग टेबल, अगदी नव्यासारखं. पडदे, इथल्याच क्वार्टरच्या खिडक्यांच्या मापाचे.

या बाजाराशी माझं भांडण नाही. जोधपूरचा कूलर तेजपूरच्या दमट हवेत नेऊन काय करणार? वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा कोर्स वर्षभराच्या आतबाहेरचा. एक बॅच एप्रिलमध्ये जाते, दुसरी जूनच्या सुमारास येते, आणि निलगिरीच्या ओल्या थंडीसाठी घेतलेले हीटर, गालिचे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. बरोबरीचा माणूस बरोबरीच्या माणसाकडून घेतो. घासाघीस करतो, तोंडावर सांगतो, ‘सर, याला एवढे कोण देणार?’ नको असेल तर घेत नाही. याला व्यवहार म्हणतात.

माझं भांडण आहे ते वरून खाली होणाऱ्या विक्रीशी. साहेब विकतात आणि त्यांच्याच हाताखालचा हवालदार, नायक किंवा नुकताच रुजू झालेला लेफ्टनंट विकत घेतो. ही विक्री बंद झाली पाहिजे, असं माझं स्वच्छ मत आहे.

कारण साधं आहे. ज्या व्यवहारात समोरच्याला नाही म्हणता येत नाही, तो व्यवहारच नव्हे. ‘बघ रे, घेतोस का?’ एवढंच साहेब विचारतात. त्यांच्या मनात काही नसेलही. पण ऐकणाऱ्याच्या मनात पुढची रजा असते, कोर्सला जाणारं नाव असतं, एसीआर असतो. एका हवालदाराने असाच एक फ्रीज घेतला. तीन आठवड्यांत कॉम्प्रेसर बसला. मी विचारलं, परत का नाही केलास? म्हणाला, “साहेब, तक्रार करायची कुणाकडे? माझा एसीआर तेच लिहितात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

मुलकी नोकरांच्या 1964 च्या आचरण नियमांनी ही गोष्ट कधीच ओळखली. ज्याच्याशी आपला कामाचा संबंध येतो, त्याच्याशी ठराविक रकमेच्या वरचा खरेदी-विक्रीचा व्यवहार करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. तो नियम सैन्याला लागू नाही, आणि जुना सोफा त्या रकमेपर्यंत पोचणारही नाही. पण त्यामागचं तत्त्व आपल्याला कुणी शिकवायला हवं का?

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

‘किंमत तर नावापुरती लावली.’ तुमच्या पगारात नावापुरती. त्याच्या पगारात ती मुलाच्या शाळेची फी असते. शिवाय बदलीला अधिकाऱ्याला 6000 किलो सामान नेण्याची मुभा असते, नायक आणि त्याखालच्या जवानाला 1500 किलोची. म्हणजे जे तुमच्या चौपट मोठ्या कोट्यात बसलं नाही, ते तुम्ही त्याच्या कोट्यात कोंबता. त्याला मुळात फॅमिली क्वार्टर मिळतं ते थोडक्या वर्षांसाठी. युनिट फील्डला निघालं की बायकोमुलं साताऱ्याला नाहीतर कोल्हापूरला गावी परततात, आणि तुमचा तीन माणसांनी उचलायचा सोफा त्याच्या गळ्यात.

‘फुकट दिलं की किंमत राहत नाही.’ वस्तूची किंमत ती चालते की नाही यावरून ठरते. चालणारी शिलाई मशीन फुकट मिळाली म्हणून कुणी फेकून दिलेली मी पाहिली नाही.

‘आमच्या वेळी आम्ही विकत नव्हतो, देऊन टाकायचो,’ असं निवृत्त मंडळी लिहितील. सर, आदर आहे. पण देऊन टाकण्यातही दोन प्रकार असतात. चालणारी वस्तू पुसून, दुरुस्त करून देणं वेगळं, आणि कबाड्याने दहा रुपयेही दिले नसते ती वस्तू सहायकाच्या किंवा घरकामाच्या बाईंच्या हातात ठेवून वर पुण्य पदरात पाडून घेणं वेगळं. त्यांनाही नाही म्हणता येत नाही. फाटलेली गादी, पाय मोडलेली खुर्ची, मळके कपडे हा कचरा आहे. तो कबाड्याला द्यावा.

उपाय अवघड नाही. वस्तू विकायची तर ग्रुपवर सगळ्यांसमोर टाका. किती जुनी आहे, काय बिघडलं आहे, हे किमतीच्या आधी लिहा. आपल्या हाताखालच्या माणसाला विकू नका, त्याने स्वतः मागितली तरी. त्याला ती खरोखर हवी असेल तर देऊन टाका. आणि प्रत्येक युनिटच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये एक खोली मोकळी करा. ज्याला जे द्यायचं असेल त्याने ते चालू स्थितीत तिथे ठेवावं, ज्याला हवं असेल त्याने उचलावं. कुणी ठेवलं, कुणी नेलं, याची वही नको. नाव नसलं की रँकही उरत नाही. मग सुभेदारांच्या घरचं स्टडी टेबल कॅप्टनच्या घरी जाईल, कॅप्टनच्या मुलाची सायकल शिपायाच्या मुलीकडे जाईल, आणि कुणाला कुणाचे आभार मानत उभं राहावं लागणार नाही.

खडकवासल्याला आम्ही तीन वर्षं एका केबिनमध्ये काढली. पलंग, कपाट, टेबल, खुर्ची. तेवढ्यात भागत होतं. पुढे डेहराडूनला, 1932 साली चेटवुड यांनी सांगितलेला क्रम आम्ही पाठ केला. आधी देश, मग आपली माणसं, शेवटी आपला स्वतःचा आराम. तो क्रम फक्त सीमेसाठी सांगितलेला नव्हता. ट्रक भरतानाही तो लागू आहे.

या महिन्यात ज्यांचं सामान बांधून होतंय, त्यांना एवढंच विचारतो. तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू तुमच्या सीओंना विकायची वेळ आली, तर सांगितलेली किंमत आणि लिहिलेलं वर्णन तेच राहील का? नसेल, तर ती वस्तू खालच्यालाही विकू नका.