रंग नको, ओलावा हवा

आपल्याकडे चेहऱ्याला काही लावायचं ते दोनच कारणांसाठी, असा एक समज घट्ट बसलेला आहे. एक तर घरात लग्न निघालेलं असतं, नाही तर रंग उजळायचा असतो. तिसरंही एक कारण आहे आणि खरं कारण तेच, हे सांगण्यासाठी आजचा हा प्रपंच. आयुष्याचा मोठा भाग बँकेत काढलेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या साठीपलीकडच्या गृहस्थाने या विषयात नाक का खुपसावं, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे. कातडी मलाही आहे आणि थंडीत ती खाजतेही!

या कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना, अशी ही भिंत. आतलं पाणी आत राखायचं आणि बाहेरचा उपद्रव बाहेर ठेवायचा, हे तिचं काम. साबणाने वारंवार धुतलं, कोरडा वारा लागला, वय झालं, की चुना झडतो आणि पाणी उडून जातं. चेहरा ओढल्यासारखा वाटतो, पापुद्रे सुटतात. मॉइश्चरायझर म्हणून जे मिळतं, ते या भिंतीची डागडुजी करतं. ग्लिसरिन, युरियासारखे पदार्थ पाणी धरून ठेवतात, तेलं भेगा भरतात आणि पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. आपल्या आज्यांना ही शास्त्रीय मांडणी ठाऊक नव्हती. पण त्यांचं गुलाबपाणी-ग्लिसरिन, दुधावरची साय आणि कोकण-गोव्यात भेगाळलेल्या टाचांना लावलं जाणारं कोकमाच्या बियांचं भिरंडेल याच कुळातलं.

मात्र एकाला मानवलं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. आपली त्वचा कोणत्या जातीची, हे घरच्या घरी कळतं. सौम्य साबणाने तोंड धुवावं, काही न लावता तासभर थांबावं आणि आरशासमोर उभं राहावं. सगळा चेहरा ताणल्यासारखा वाटला तर त्वचा कोरडी. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चकाकते आणि गाल मात्र कोरडे, ती मिश्र. लाली आली, चुरचुरलं, तर नाजूक.

कोरड्या त्वचेला घट्ट, स्निग्ध क्रीम हवं. तेलकट त्वचेला पातळ लोशन किंवा जेल पुरतं. तिला काहीच लावायला नको, हा गैरसमज आहे. मुरमांवरची औषधं चालू असली की तीही कोरडी पडते. अशांनी खोबरेल मात्र चेहऱ्याला चोपडू नये, रंध्रं बुजून मुरमं वाढू शकतात. मिश्र त्वचेच्या मंडळींनी गालांना जास्त आणि नाकाला कमी लावावं. नाजूक त्वचेच्या लोकांनी सुगंधी क्रीमच्या वाटेला जाऊ नये आणि नवं काही आणलं तर आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. हवामानाचाही विचार हवाच. रत्नागिरीच्या दमट हवेत जे पुरतं, ते नागपूरच्या डिसेंबरात पुरत नाही. आणि लावायचं केव्हा? तोंड धुऊन टिपलं, की ओलसर असतानाच. दिवसा त्यावर उन्हापासून बचाव करणारं क्रीम असावं. बस्स, याहून मोठा खटाटोप नाही.

इतकी साधी गोष्ट अवघड झाली ती रंगापायी. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं आणि गोरेपणा ट्यूबमध्ये मिळू लागला. २००५ साली पुरुषांसाठीही तशी सोय झाली. २०२० साली त्या पहिल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. नाव बदललं, मागणी बदलली का? आपल्या घरात मुलगी जन्माला आली की पहिली चौकशी वजनाची होते आणि दुसरी रंगाची. मग तीच मुलगी पंधराव्या वर्षी गुपचूप क्रीम आणते, तेव्हा दोष तिच्या एकटीचा कसा?

आणि हे प्रकरण केवळ पैसे वाया जाण्यावर थांबत नाही. त्वचारोगासाठी असलेली स्टेरॉइडयुक्त मलमं गोरं होण्यासाठी सर्रास फासली जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, "काय लावतेस गं?" पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं आणि लव वाढते, थांबवलं तर आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. २०१८ साली सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी शेजारणीचा सल्ला कुठल्या कायद्यात बसतो? दुसरा शत्रू पारा. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्याचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीमं वापरली होती. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी निकामी करू लागतो. गोरेपणाची ही किंमत कोणत्या डब्यावर छापलेली असते?

बँकेत कर्जदार मोठ्या अक्षरांतली रक्कम वाचत आणि बारीक अक्षरांवर नुसती सही करत. क्रीमच्या खरेदीतही तेच चालतं. डबा उलटा करून वाचा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी यांतलं काही नसेल, तर ती बरणी घरात नको, मग ब्यूटी पार्लरवाल्या ताईंनी प्रेमाने का दिलेली असेना. मग भागाकार करा. ५० ग्रॅमची बरणी ६०० रुपयांना म्हणजे ग्रॅमला १२ रुपये. १०० ग्रॅमची २०० रुपयांना म्हणजे ग्रॅमला २. दोन्हींतलं ग्लिसरिन एकच काम करतं. जास्तीचे पैसे पुष्कळदा बरणीचे, वासाचे आणि जाहिरातीतल्या नटीचे असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोरडेपणा ही तक्रार आहे, तिच्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. सावळेपणा ही तक्रारच नाही, त्यामुळे तिच्यावर उपाय विकणारा माणूस पहिल्या वाक्यापासूनच खोटं बोलतो आहे. पुढच्या वेळी दुकानदाराने बरणी पुढे केली, की विचारा, "याने ओलावा टिकतो का?" तो रंगाबद्दल बोलू लागला, तर बरणी परत करा आणि शेजारचं दुकान गाठा.