कपलर कापू नका

नवा स्टिरिओ बसवताना गाडीचा मूळ कपलर कापायचा, वायरी पिळून एकमेकींना जोडायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची, ही आपल्याकडची पद्धत मला मनापासून खटकते. त्या त्या मॉडेलला बसणारा जोड-कपलर बाजारात मिळतो. तो स्टिरिओच्या वायरींना जोडायचा आणि गाडीच्या कपलरमध्ये खटकन बसवायचा, इतकंच काम. तरी कात्री आधी चालते, कारण दहा मिनिटं वाचतात. पुढे उन्हाळ्यात बंद गाडी तापते, टेपचा डिंक पाघळतो, सांधा उघडा पडतो. मग गाणं मध्येच तुटायला लागलं की दोष स्टिरिओला.

माझ्या भाच्याने जुनी हॅचबॅक घेतली. थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला, "मामा, टेप गंडलाय. गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशनं सगळं विसरतो. नवीनच घेऊ का?" मी म्हटलं, आधी मल्टिमीटर घेऊन ये.

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या पाठीमागे तीन वायरी महत्त्वाच्या असतात. पिवळीला बॅटरीचा करंट कायम लागतो, कारण स्टिरिओची स्मरणशक्ती तिच्यावर चालते. लाल वायरीला किल्ली फिरवल्यावरच करंट मिळायला हवा. काळी म्हणजे अर्थ. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, किंवा दोन्ही किल्लीच्या करंटवर जोडल्या, की स्टिरिओ रोज नव्याने जन्माला येतो. दोन्ही कायमच्या करंटवर जोडल्या तर किल्ली काढली तरी तो चालूच राहतो आणि बॅटरी उतरते. काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन पिनांच्या जागाच उलट असतात, म्हणून हा घोळ वारंवार होतो. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे आहेत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. तिथे मीटर काय दाखवतो तेच खरं.

भाच्याच्या गाडीत नेमकी अदलाबदल निघाली. नव्या स्टिरिओचा खर्च वाचला.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची. मीटर लावायचा तेवढ्यापुरती पुन्हा जोडायची. एअरबॅगवाल्या गाडीत पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले की तिथे मीटरही लावायचा नाही आणि टेस्ट लॅम्पही नाही. त्यांना हात लावायचाच नाही.

आता शिट्टीकडे येतो, कारण सर्वांत जास्त माणसं तिनेच हैराण होतात. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शीळ येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढत जातो. हा अल्टरनेटरचा आवाज. दोन उपकरणांचे अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेले असले की त्यांच्यामधल्या ऑडिओ केबलमधूनही करंट वाहू लागतो आणि ती शीळ गाण्यात मिसळते. सर्वांत साधी चाचणी आधी करा. फोन चार्जरला लावून ऑक्स केबलने गाणी वाजवत असाल, तर चार्जर काढून पाहा. शीळ गेली तर काहीच खोलायची गरज नाही, ब्लूटूथवर वाजवा. नाही गेली तर आवाज शून्यावर आणा. तरीही शीळ तेवढीच असेल, तर गडबड बहुधा आवाजाच्या बटणाच्या पुढे आहे: अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये.

अर्थ तपासायची माझी आवडती रीत अशी. गाणं मोठ्याने लावायचं, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूवर धरायची. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर सांधा खराब आहे. डिकीत बहुतेक वेळा रंगावरच बोल्ट आवळलेला सापडतो. रंग म्हणजे अडथळाच. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, वायरीला थिंबल दाबून बसवायचं, घट्ट आवळायचं आणि वरून गंजरोधक रंग मारायचा. कोकणातल्या दमट हवेत हा शेवटचा हात टाळू नका. आवाज गाळणारे फिल्टर विकत मिळतात, पण अर्थ नीट न करता ते लावणं मला पटत नाही.

खोक्यावरच्या "५० वॅट × ४" या आकड्यावर पैसे मोजू नका. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. तेवढ्यावर स्टिरिओच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात फार तर २५ वॅटच्या आसपास देऊ शकतो. पाठीमागचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर आत येणारी सगळी ताकदच सुमारे १४० वॅट. चार स्पीकरांना मिळून २०० वॅट कुठून येणार? त्याहून जास्त हवं असेल तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावा, पण त्याची केबल थेट बॅटरीवरून घेताना फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. ही केबल कुठे पत्र्याला घासली आणि वाटेत फ्यूज नसला, तर गाडी पेटते.

दोन स्पीकर असूनही ढोलाचा ठोका पोकळ वाटत असेल, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलट जोडलेले आहेत. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, स्पीकर स्टिरिओपासून सोडवा आणि सेल क्षणभर त्याच्या टोकांना टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसचं टोक ते स्पीकरचं प्लस. स्पीकरची मायनस वायर मात्र गाडीच्या पत्र्याला कधीही जोडू नका. जुन्या गाड्यांत तसं चालायचं. आजचा स्टिरिओ त्याने जळू शकतो.

दार उघडलं की एका बाजूचा आवाज जातो आणि लावलं की परत येतो, ही तक्रार असेल तर बिजागरीपाशी रबरी नळीतली वायर आतून तुटलेली असते. ती बदलायला दाराचं पॅड काढाल, तेव्हा मागचा प्लास्टिकचा कागद फाडू नका. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी तो अडवतो. कागद नीट चिकटवला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात नव्या स्पीकरचा पडदा भिजतो.