कोजागिरीचें पुदिना-दूध

आश्विनी पौर्णिमेस चांदण्यांत आटीव दूध पिण्याची आपली चाल जुनी आहे. कोंकणांत हीच नवान्न पौर्णिमा म्हणून पाळतात व नव्या भाताच्या लोंब्या दारास बांधतात. ठाणें-बेलापूर रस्त्यावरील रबाळें गांवास मात्र आतां लोंब्या कोठल्या? तेथें औद्योगिक वसाहत आली. पुढें १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबई वसली आणि खाचरें गेलीं. महसुली चाकरींत आम्हीं सातबाऱ्याचे पुष्कळ उतारे लिहिले. पिकाच्या रकान्यांतून 'भात' हा शब्द अशा कारणानें एकदां गेला, कीं तो परत येत नाहीं, हा आमचा अनुभव आहे.

तथापि जमीन गेली तरी शेतकरीपण जाऊं देऊं नये, असें आमचें मत आहे. सणास हिरव्या सरबताची बाटली दुधांत ओतणें शेतकऱ्याच्या घरास शोभत नाहीं. त्या हिरवेपणांत पानापेक्षां रंगाचाच भाग बहुधा अधिक. पुदिन्यास तर एक कुंडी पुरते. बाजारच्या जुडींतील जून काड्या मातींत खोंचाव्या. पेऱ्यांस मुळ्या फुटतात. ओल राखावी, पाणी तुंबूं देऊं नये.

कृति सोपी आहे. एक लिटर दूध थोडें आटवून, बेताची साखर घालून, पूर्ण निववावें. पुदिन्याचीं वीस-पंचवीस पानें स्वच्छ धुवून दोन वेलदोड्यांच्या दाण्यांसह थोड्या थंड पाण्यांत वाटावीं, रस फडक्यानें गाळून दुधांत घालावा व रवीनें घुसळून लगेच प्यावें. पानें उकळत्या दुधांत टाकूं नयेत. वास वाफेबरोबर उडतो व रंग काळवंडतो. लिंबू तर मुळींच पिळूं नये. आंबटानें दूध नासतें.

कोणी म्हणेल, केशर-जायफळ सोडून हें नवें खूळ कशास? आश्विनांतील ऊन कडक असतें. त्या दिवसांत थंड पेय गोड लागतें. शिवाय केशर विकतचें, पुदिना दारचा. वडील मंडळींस मसाल्याचें ऊन दूध खुशाल द्यावें. मुलांस मात्र हें द्यावें, आणि काडीही त्यांच्याच हातून लाववावी. ज्यानें खाचर पाहिलें नाहीं, त्यास रुजणें म्हणजे काय, एवढें तरी कळेल.

ज्यांच्या उताऱ्यावर अद्यापि पीक आहे, त्यांनीं तें जपावें; ज्यांच्या नाहीं, त्यांनीं कुंडीपासून आरंभ करावा.