जमीन महाग कुणी केली?

जमिनीचा भाव आपोआप चढत नाही. चढवणारे हात वेगळे, खाणारी तोंडं वेगळी. मुंबईच्या जमिनीचा इतिहास एवढाच.

मी गोदीत माल उचलतो. १९१४ साली उघडलेली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना जी माती निघाली तिच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. ही जमीन देवानं दिली नाही. मजुरानं घडवलीय. त्याच्या पणतवाला तिथं एक खोली परवडते का, विचारा.

१९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकारनं घ्यायची, असं ठरलं. मग सवलतींच्या पळवाटा काढल्या. कायदा चालत नाही म्हणून बोंब मारली आणि २००७ साली महाराष्ट्रात तो मोडीत काढला. चोर सापडत नाही म्हणून चोरीच कायदेशीर!

गिरण्यांचं तेच. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरं, मालकाला उरलेलं. २००१ साली नियम फिरवला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, शेडखालची गुल. २००६ साली सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसला. धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात आपल्या माणसांना विटाळ धरून घेत नव्हते. आता जमिनीतूनही बाहेर.

झोपडपट्टीवाल्याला म्हणतात, फुकट घर दिलं. १९९५ च्या योजनेत २२५ चौरस फूट, आता ३००. पण त्याच्याच वस्तीच्या जागेवर जादा मजले चढवून बिल्डर बाजारात विकतो. मग उपकार कुणाचे कुणावर?

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, हे घटनेतच घालायला सांगितलं. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले. तो लढा शेताच्या बांधावर थांबत नाही. शहरातही आपण भूमिहीनच आहोत.

पूर्व किनाऱ्यावर गोदीची शेकडो एकर जमीन अजून सार्वजनिक आहे. मागणी सरळ आहे. सार्वजनिक जमीन विकायची नाही. तिच्यावर कष्टकऱ्याला परवडेल अशी भाड्याची घरं बांधा. रस्ता, रेल्वे आली की शेजारच्या जमिनीचा जो भाव चढतो, तो मालकाकडून वसूल करा.

दोस्तहो, बुलडोझर दारात आल्यावर मोर्चा काढून भागत नाही. नकाशा मंजूर व्हायच्या आधी काढा.