अंगावरचे दूध आणि गळ्यातील गाठ

बाळ चार-पाच महिन्यांचे झालेले असते. कुणाच्या तरी लक्षात येते, की बाळंतिणीच्या गळ्यापाशी गाठ दिसते आहे. सोनोग्राफी होते, सुई घालून पेशी तपासल्या जातात आणि रिपोर्टवर थायरॉइडच्या कॅन्सरचे नाव येते. मग घरातून पहिला हुकूम सुटतो : ‘आधी बाळाचे दूध तोडा!’ हुकूम मायेपोटीच असतो. पण बहुधा अवेळी असतो.

हा कॅन्सर दुधातून बाळाला लागत नाही. सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीने पाजण्यात बाधा येत नाही. शस्त्रक्रियेनंतरही भूल उतरून आई पुरती शुद्धीवर आली, की डॉक्टरांना वेदनाशामक औषधाचे विचारून बाळाला जवळ घेता येते. पुढे घ्यावी लागणारी थायरॉक्सिनची गोळी म्हणजे शरीरात एरवी तयार होणाऱ्या द्रव्याचीच भरपाई. योग्य मात्रेत ती पाजणाऱ्या आईला चालते.

खरी अडचण आहे किरणोत्सारी आयोडीनची. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून उरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी आयोडीन-१३१ देतात. उपचार आपल्याकडे नवा नाही. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालचे आहे. पण दूध तयार करणारे स्तनही आयोडीन ओढतात, कारण बाळाला ते हवे असते. निसर्गाची ही सोयच इथे घातक ठरते. असे दूध पोटात गेले तर बाळाची थायरॉइड ग्रंथी कायमची निकामी होऊ शकते. येथे तडजोड नाही. ‘चार दिवस दूध काढून टाकू आणि पुन्हा पाजू’ हेही चालत नाही. या बाळाचे अंगावरचे दूध कायमचे थांबते. पुढच्या बाळाला मात्र पाजता येते.

शिवाय दूध आदल्या दिवशी तोडूनही भागत नाही. भरल्या स्तनांत आयोडीन साठून आईलाच किरणांचा मारा बसतो. म्हणून किमान सहा आठवडे, शक्यतो तीन महिने आधी पाजणे थांबवावे लागते. डोसनंतर काही दिवस तान्ह्याला कुशीतही घेता येत नाही. त्याचे कोण करणार, हे आधीच ठरवलेले बरे.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न ‘दूध केव्हा तोडू?’ हा नव्हे. ‘मला हा डोस हवाच का?’ हा आहे. थायरॉइडच्या कॅन्सरांपैकी बहुतेक पॅपिलरी जातीचे, संथ वाढणारे असतात. गाठ लहान आणि एकाच बाजूला असेल तर पुष्कळदा ग्रंथीचा अर्धा भाग काढणे पुरते. फ्रान्समध्ये कमी जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर आयोडीन घेणारे आणि न घेणारे यांची तीन वर्षांनंतरची स्थिती जवळपास सारखीच निघाली. डोस लागणार असला, तरी अशा रुग्णाला तो काही महिने लांबवता येतो का, हे विचारण्यात गैर काही नाही.

अर्थात, सगळ्याच गाठी अशा सवड देत नाहीत. ॲनाप्लास्टिक जातीच्या कॅन्सरला थांबणे ठाऊक नसते. रोग पसरलेला असेल तर आयोडीन टाळणे म्हणजे बाळाच्या आईलाच पणाला लावणे. अशा वेळी दूध तोडावे लागले, तर त्यात आईचा कमीपणा कसला? बाळ वरच्या दुधावर वाढते. त्याला आई मिळणे महत्त्वाचे.

आपल्याकडे अशा प्रसंगी सासू बोलते, नवरा बोलतो, शेजारीण बोलते. जिच्या गळ्यात गाठ आणि मांडीवर मूल, ती तेवढी गप्प असते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरच्यांनी एवढेच करावे : बाळाला आपल्याकडे घ्यावे आणि प्रश्न तिला विचारू द्यावेत.