चार अधिक आठ

आमच्या घरातला संगणक आता सात वर्षांचा झाला. दिवसा त्याच्यावर लेकीचा कॉलेजचा अभ्यास चालतो आणि रात्री इशानंतर आमचं काम : उर्दूच्या प्रश्नपत्रिका, मराठीच्या चाचण्या, वर्गाचे गुणतक्ते. गेल्या वर्षी तो इतका रेंगाळू लागला की चहा करून आणला तरी फाइल उघडलेली नसायची. कधीकधी तर मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायचा.

दुकानदाराने पाहून सांगितलं, "सर, रॅम फक्त चार जीबी आहे. आठ-आठच्या दोन नव्या घ्या, नाहीतर मशीनच बदला." भाव ऐकून आम्ही घरी परतलो. त्याच आठवड्यात भाच्याचा जुना संगणक कायमचा बंद पडला. त्यातली आठ जीबीची पट्टी काढून तो घेऊन आला. "मामू, ही लावून बघा." दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "चार आणि आठ एकत्र चालत नाहीत."

आम्ही शिक्षक माणसं. 'चालत नाही' म्हटलं की 'का' विचारल्याशिवाय राहवत नाही. चार दिवस वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं ते असं.

हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. काम करायचं तर वह्या कपाटातून टेबलावर काढाव्या लागतात. टेबल लहान असलं की काढ-घाल वाढते आणि संगणक रेंगाळतो. दोन टेबलं शेजारी ठेवायची तर ती एकाच मापाची असावीत असं नाही, पण उंची सारखी हवी. रॅमची उंची म्हणजे तिची पिढी : डीडीआर तीन, चार किंवा पाच. डीडीआर तीन साधारण दीड व्होल्टवर चालते, चार १.२ वर आणि पाच १.१ वर. या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकीच्या खालच्या कडेला असलेली खाच वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नये. पट्टीवरच्या चिठ्ठीवर 'पीसी३' असेल तर ती डीडीआर तीन आणि 'पीसी४' असेल तर डीडीआर चार. आमच्या दोन्ही पट्ट्या 'पीसी४' निघाल्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती मोठ्या संगणकाला चालत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. आमची पट्टी २४०० ची, भाच्याची २६६६ ची. अशा वेळी दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात. अम्मीबरोबर बाजारात जाताना आपणही पावलं आवरतोच की.

तिसरी गोष्ट आकाराची. वर्गाला दोन दारं असली की मुलं लवकर बाहेर पडतात. सारख्या आकाराच्या दोन पट्ट्या अशाच दोन दारांचं काम करतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. चार आणि आठ लावल्या तर बहुतेक संगणक चारच्या पट्टीतले चार आणि आठच्या पट्टीतले चार अशी जोडी जमवतात. या आठ जीबीला दोन्ही दारं मिळतात, उरलेल्या चारला एकच. म्हणजे पूर्ण बारा जीबी वापरता येते, फक्त शेवटचा भाग थोडा सावकाश. घरगुती कामात हा फरक सहसा जाणवतही नाही. मात्र विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही, हे आधी पाहून घ्यावं.

लेकीने वायर काढली, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि पट्टी दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज येईपर्यंत बसवली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये मेमरीसमोर बारा जीबी आणि वेग २४००. बेगमनेही हातातलं काम ठेवून डोकावून पाहिलं.

वीस दिवस मजेत गेले. मधे एक-दोनदा संगणक आपोआप बंद होऊन सुरू झाला, पण वेगाच्या आनंदात आम्ही काणाडोळा केला. मग एका रात्री पडदा निळा झाला. दुसऱ्या दिवशी दहावीचे अंतर्गत गुण शाळेत द्यायचे होते. संगणक परत सुरू झाला, पण गुणांची फाइल उघडेना. दुसरीकडे तिची प्रत नव्हती. दुकानदाराचं बोलणं आठवलं आणि आम्ही लेकीवर चिडलो, "म्हटलं होतं ना, परक्याची पट्टी नको!" असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. ती काहीच बोलली नाही. तिने कागदी वही काढली. पहाटेपर्यंत ती एकेक नाव आणि गुण वाचत गेली, आम्ही टाइप करत गेलो. ती वही नसती तर मुलांसमोर कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो?

रविवारी तीच म्हणाली, "अब्बा, आधी तपासू, मग काढू." स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधलं. एका वेळी एकच पट्टी लावून चाचणी घेतली. भाच्याच्या पट्टीत एकही दोष निघाला नाही. आमच्या स्वतःच्या चारच्या पट्टीत निघाला. तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले, दुसऱ्या खोबणीत लावून पाहिली, तरी तोच दोष. आता कळलं, आधी संगणक आपोआप बंद पडायचा तो कशामुळे. रॅम कमी होती हे खरं, पण होती तीही खराब होती. पाहुणी निर्दोष होती, दोष घरातलाच होता.

लेकीची माफी मागितली. तिने हसून सोडून दिलं, पण आम्हांला बरेच दिवस ते बोचत राहिलं. वर्गात दोन मुलं भांडली की नव्या मुलाकडे आधी बोट दाखवणाऱ्याला आम्हीच तर समजावतो.

वाचकांना एवढंच सांगणं : वेगवेगळ्या आकाराच्या पट्ट्यांना घाबरू नका. पिढी सारखी आहे का पाहा, आपला मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो ते पाहा. जुनी वस्तू टाकण्याआधी आणि आलेली लावण्याआधी चाचणी घ्या, तीही दोन्हींची. आणि महत्त्वाच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच. खराब रॅम असली की फाइल कधी बिघडेल ते सांगता येत नाही.

सध्या आमचं काम एकट्या आठवर छान चाललं आहे. एक खोबण रिकामी आहे. परवा लेकीने विचारलं, "अब्बा, आता तिथे चारची लावायची की आठची?" आम्ही म्हणालो, "जी मिळेल ती. पण आधी तिची परीक्षा तू घे."