फेनर्गन : झोप आणणाऱ्या औषधाचा अर्धाच सांगितला गेलेला इतिहास

१/ गाडी लागू नये म्हणून प्रवासाआधी एक गोळी. अंगावर पित्त उठले, तरी तीच. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण शांत राहावा आणि भुलीनंतर त्याला उलट्या होऊ नयेत, यासाठीही तेच औषध. नाव प्रोमेथाझिन, अनेक पिढ्यांना ते ‘फेनर्गन’ या व्यापारी नावाने परिचित आहे. त्याचा इतिहास बहुधा शोधाच्या सुरस कथेपाशी संपवला जातो. तो तेथे संपवणे ही इतिहासलेखनातील चूक आहे आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

२/ कथेचे मूळ औषधशाळेत नसून कापडाच्या रंगात आहे. १८७६ मध्ये हाइनरिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मेथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला. त्या रंगाची रचना उलगडताना ऑगस्ट बर्न्टसेन यांनी १८८३ मध्ये फेनोथायाझिन हे संयुग बनवले. पुढे अर्धशतक उलटल्यावर त्याचा उपयोग कीटकनाशक म्हणून आणि जनावरांच्या पोटातील जंतांवर होऊ लागला. माणसाच्या औषधांत त्याला अद्याप स्थान नव्हते.

३/ दुसरा धागा हिस्टामिनचा. १९१० च्या सुमारास हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी इंग्लंडमध्ये या द्रव्याचे परिणाम तपासले. ते टोचलेल्या प्राण्यांची अवस्था तीव्र ॲलर्जीच्या झटक्यासारखी होत असे. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोवे आणि ॲन-मारी स्टॉब यांनी हिस्टामिनला रोखणारे पहिले संयुग शोधले. त्याने गिनी पिग वाचले. माणसासाठी मात्र ते फार विषारी होते. माणसांना देता येण्याजोगे पहिले औषध, अँटर्गन, १९४२ मध्ये आले. बोवे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

४/ दुसऱ्या महायुद्धानंतर हे दोन्ही धागे फ्रान्समधील रोन-पूलांक कंपनीत एकत्र आले. तेथील रसायनशास्त्रज्ञ पॉल शार्पांतिए यांनी फेनोथायाझिनच्या सांगाड्याला अँटिहिस्टामिन औषधांतील शृंखला जोडली. त्यातून प्रोमेथाझिन जन्मले. आधीच्या औषधांपेक्षा ते प्रभावी होते आणि त्याचा परिणाम दीर्घकाळ टिके. तक्रार एकच होती : रुग्णाला गुंगी येई.

५/ या गुंगीचे कारण आज ठाऊक आहे. मेंदूत हिस्टामिन जागृतीचा निरोप पोहोचवते. पहिल्या पिढीतील अँटिहिस्टामिन औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तो निरोप अडवतात. प्रोमेथाझिन इतर निरोपही अडवते. ॲसिटिलकोलीन अडले की तोंड कोरडे पडते, दृष्टी धूसर होते, लघवी अडते. डोपामिन अडले की उलटी थांबते. पण क्वचित मान आणि जबडा वाकडा होतो. म्हणजे ज्या वाटेने गुण येतो, त्याच वाटेने दोषही येतो.

६/ या दोषातच उपयोग पाहणारा माणूस आंरी लाबोरी. फ्रेंच नौदलाचा हा शल्यचिकित्सक ट्युनिशियातील बिझर्त येथे शस्त्रक्रियेतील आघातावर उपाय शोधत होता. प्रोमेथाझिन दिलेले रुग्ण विलक्षण शांत राहतात, हे त्याने टिपले. मेंदूवर याहून अधिक परिणाम करणाऱ्या संयुगाचा शोध सुरू झाला. डिसेंबर १९५० मध्ये शार्पांतिए यांनी क्लोरप्रोमाझिन बनवले. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-ॲन रुग्णालयात देले आणि देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिले आणि मानसोपचाराचे नवे पर्व सुरू झाले. लोकप्रिय इतिहास येथे टाळ्या घेऊन थांबतो.

७/ उरलेली कथा रुग्णालयाबाहेरची आहे. ‘दुष्परिणाम’ हा शब्द औषध कोण आणि कशासाठी घेतो यावर अवलंबून असतो. ट्रकचालकाला येणारी गुंगी हा धोका. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तीच गुंगी हा हेतू. घरात सर्दीने बेजार झालेले, रात्रभर रडणारे तान्हे मूल असेल, तर गोड सिरपने येणारी झोप आईवडिलांना वरदान वाटते. मूल निजले म्हणजे त्याला आराम पडला, अशी समजूत होते. निजलेल्या मुलाचा श्वास कसा चालतो, हा प्रश्न दीर्घकाळ फारसा कोणी विचारला नाही.

८/ १९८० च्या दशकात बेल्जियममधील संशोधकांनी तो विचारला. फेनोथायाझिन गटाचे औषध दिलेल्या निरोगी तान्ह्या मुलांच्या झोपेत श्वास थांबण्याचे प्रसंग वाढलेले त्यांना आढळले. अमेरिकेत प्रोमेथाझिनला १९५१ मध्ये परवानगी मिळाली होती. दोन वर्षांखालील मुलांना ते मुळीच देऊ नये, श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा चौकटीतील इशारा तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००४ च्या अखेरीस त्यावर आणला. मधे त्रेपन्न वर्षे गेली. तान्ह्यांची शरीरे या काळात बदलली नव्हती.

९/ दुसरा इशारा एका हाताच्या किमतीवर आला. २००० साली व्हर्माँट राज्यातील एक संगीतकार स्त्री अर्धशिशी आणि मळमळ यांसाठी दवाखान्यात गेली. तिला फेनर्गन थेट शिरेत टोचण्यात आले. हे इंजेक्शन ऊतींना दाहक असते. ते धमनीत गेले तर रक्तपुरवठा बंद पडून ऊती मरतात. तसेच घडले. गँगरीन झाले आणि हात कापावा लागला. ती वादक होती.

१०/ ‘वायेथ विरुद्ध लेव्हिन’ हा तो खटला. प्रशासनाने लेबल मंजूर केले होते, म्हणून राज्याच्या कायद्याखाली आपल्यावर दावा चालू शकत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. त्याच वर्षी या इंजेक्शनवर गँगरीनचा चौकटीतील इशारा आला. २०२३ च्या डिसेंबरात सूचना आणखी कडक झाल्या : शक्यतो स्नायूत खोलवर टोचावे, शिरेतून द्यायचेच तर पातळ करून, सावकाश द्यावे.

११/ मग औषधच बाद करावे काय? तसे म्हणणेही इतिहासाला सोडून होईल. २००४ मध्ये वेल्लोर येथील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अत्यंत प्रक्षुब्ध मनोरुग्णांना हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र दिल्यास ते लोराझेपामपेक्षा लवकर शांत होतात, असे त्यात दिसले. हॅलोपेरिडॉलने स्नायू आखडतात. प्रोमेथाझिनचा तोंड कोरडे पाडणारा गुणधर्मच येथे त्या आखडण्याला आवर घालतो. योग्य रुग्ण, योग्य मात्रा आणि लक्ष ठेवणारी नजर असेल, तर जुने औषध आजही उपयोगी पडते.

१२/ नजर नसेल, तर तेच औषध घातक ठरते. वृद्धांत त्याने संभ्रम होतो, तोल जातो, लघवी अडते. म्हणून वृद्धांच्या औषधांविषयीचे अमेरिकेतील ‘बिअर्स निकष’ पहिल्या पिढीतील अँटिहिस्टामिन टाळण्यास सांगतात. दारू, अफूजन्य वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या यांच्यासोबत गुंगी आणि श्वसनाचा धोका वाढतो. भारतातही क्लोरफेनिरामिन या भावंड औषधाचे फेनिलेफ्रिनशी केलेले मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला.

१३/ यावर एक रास्त आक्षेप आहे : आजच्या ज्ञानाने कालच्या माणसांचा न्याय का करावा? शार्पांतिए किंवा लाबोरी यांना दोषी धरण्याचे कारण खरोखरच नाही. आधुनिक पद्धतीच्या नियंत्रित चाचण्याच तेव्हा बाल्यावस्थेत होत्या. दोष नंतरच्या समजुतीचा आहे. एखादे औषध पन्नास वर्षे बाजारात आहे, म्हणजे ते पन्नास वर्षे तपासले गेले आहे, ही ती समजूत. जुने असणे आणि पारखलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न शोधलेली हानी नोंदीत येत नाही, आणि जी नोंदीत नाही ती नव्हतीच, असे लोक धरून चालतात.

१४/ कागदपत्रांतील मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवले जाते. हा नियम बखरीला लागू आहे, तसा औषधाच्या लेबललाही. प्रोमेथाझिनच्या कालरेषेवर १९५० आणि १९५२ ठळक असतात. त्याच आकाराच्या अक्षरांत २००४ आणि २००९ ही सालेही हवीत. ती वाचलेला माणूस पुढच्या वेळी तान्ह्या मुलाला ‘झोपेचे’ सिरप पाजण्याआधी थांबेल आणि डॉक्टरांना विचारेल.